दोन अक्षरं आणि एफ थ्री

मॅडम साक्षीदाराकडे बघत बोलायच्या आणि वाक्य संपलं की माझ्याकडे न बघताच विचारायच्या, "झालं का?" त्या दोन शब्दांची मला इतकी धास्ती बसली होती, की रविवारी घरी भाजी चिरत असताना कुणी "झालं का?" म्हटलं तरी माझा हात दचकायचा.

मी टायपिस्ट आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका कोर्टात काम करते; कुठल्या ते सांगत नाही. राहायला भिसेगावात. कोर्टात साक्ष चालते तेव्हा वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार त्याच्या बोलीत उत्तर देतो, न्यायाधीश ते उत्तर कोर्टाच्या भाषेत सांगतात आणि मी टाइप करते. साक्षीदार म्हणतो, "नाय वो साहेब, खोटं हाय त्ये." कागदावर येतं, "हे म्हणणे खरे नाही की..." आणि पुढे वकिलांचं म्हणणं. नंतर निकाल लिहिताना तोंडचं काही उरलेलं नसतं. कागदावर जे असेल तेच खरं.

आधीचे साहेब सावकाश बोलायचे. त्यांची बदली झाली आणि एकाच महिन्यात दोन गोष्टी नवीन आल्या: या मॅडम आणि लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर. मॅडम वयाने माझ्याहून लहान, बोलण्यात एकदम तडक. कॉम्प्युटरवर सगळ्या वस्तू जागा बदलून बसल्या होत्या. हात कळांवरून उचलायचा, माउस धरायचा, मेनू शोधायचा, पुन्हा कळांवर यायचं. तेवढ्यात मॅडमचं अर्धं वाक्य निघून गेलेलं असायचं. मग मान वर करून विचारायचं, "मॅडम, परत सांगता?" दिवसातून दहा वेळा. समोर दोन वकील, साक्षीदार, मागे बाकांवर तारखेला आलेली माणसं. सगळे माझ्याकडे बघत थांबलेले. एकदा एक वकील हसून म्हणाले, "आमच्या साक्षीदाराला घाम फुटण्याआधी बाईंनाच फुटला." मॅडम हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. नुसतं घड्याळाकडे बघितलं. ते जास्त लागलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला दुसऱ्या कोर्टातले एक किडकिडीत लिपिक होते. त्यांनी आल्याआल्या प्रत्येकीच्या टेबलावरचा माउस पालथा घातला आणि म्हणाले, "आज याला हात लावायचा नाही." दुपारपर्यंत आम्ही सगळ्या चिडलो होतो. संध्याकाळी मला कळलं की ते बरोबर सांगत होते.

घरी कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या मागे मी सगळं लिहून काढलं आणि ओट्याच्या वर चिकटवलं. मुलगी अकरावीला होती. ती पाढे विचारावेत तसं विचारायची.

"मागचा अख्खा शब्द पुसायचाय?"

"कंट्रोल बॅकस्पेस."

"दोन फायली शेजारी शेजारी हव्यात?"

"सुपर, म्हणजे ती खिडकीच्या चित्राची कळ, आणि डावा बाण. मग दुसरीला सुपर आणि उजवा."

"केलेलं मोडायचंय?"

"कंट्रोल झेड. पोळी करपतेय, बाजूला हो."

सगळ्यात कामाची निघाली ती एफ थ्रीची कळ. नेहमी लागणारं वाक्य एकदा साठवून त्याला छोटं नाव द्यायचं. मग ते नाव टाइप करून एफ थ्री दाबलं की अख्खं वाक्य पडद्यावर. मी 'खआ' म्हणजे 'हे म्हणणे खरे आहे की,' आणि 'खन' म्हणजे 'हे म्हणणे खरे नाही की,' असं ठरवलं. उलटतपासणीत ही दोन वाक्यं शंभर वेळा येतात. दोन अक्षरं, एफ थ्री, की मी मॅडमच्या पुढे. सहा महिन्यांत मी इतकी सरावले की मॅडम बोलायच्या आणि त्यांचा श्वास संपायच्या आत माझी बोटं थांबलेली असायची. माउस मी वायर गुंडाळून पडद्यामागे ठेवून दिला. त्या "झालं का?" विचारायच्या बंद झाल्या. मला गर्व झाला होता, हे कबूल करते. कुणी माझी बोटं बघायला थांबलं तर मी मुद्दाम मान वर करून टाइप करायची.

त्यानंतरच्या कापणीच्या दिवसांतली ही गोष्ट.

दावा वाटेचा होता. कडावच्या पुढच्या एका गावात एका बाहेरच्या माणसाने जमीन घेऊन कुंपण घातलं होतं, फाटक बसवलं होतं. मागच्या शेतकऱ्याचं म्हणणं, शेतावर जायची आमची वहिवाटीची वाट त्या फाटकात अडकली. वाट पूर्वीपासून वापरात होती की नव्हती, एवढ्यावर सगळा दावा. त्या दिवशी शेतकऱ्याच्या आईची साक्ष होती. सत्तरीच्या पुढची बाई. कापणी सोडून आली होती. विळ्याने कापलेल्या बोटाला चिंधी बांधलेली. पिंजऱ्यात उभी राहिली आणि आधी मलाच म्हणाली, "बाय, मी सांगन तसंच लिव्हशील ना गं?"

कोर्टात असं बोलत नाहीत. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम किंचित हसल्या. मी मान हलवली.

समोरचे वकील वयस्कर, अतिशय सभ्य. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांची उलटतपासणी मला ठाऊक होती. आधी साधे, होकार येणारे प्रश्न ओळीने टाकायचे. माणूस हो-हो म्हणत गेला की त्याच चालीवर कामाचा प्रश्न सरकवायचा.

"आजी, तुमचं शेत ओढ्याच्या पलीकडे आहे?"

"हाय."

"ओढ्यावर साकव आहे?"

"हाय की."

"साकवावरूनही शेतात जाता येतं?"

"येतं. लांबून."

"पावसात तुम्ही साकवावरूनच जाता?"

"पावसात व्हय."

प्रत्येक उत्तराला मॅडमचं वाक्य, आणि माझं 'खआ', एफ थ्री. 'खआ', एफ थ्री. मग वकील तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे फाटक आहे तिथली वाट तुमच्या घरातल्या कुणी कधी वापरलीच नाही."

बाई फसली नाही. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला. "खोटं हाय त्ये! सपशेल खोटं."

मॅडमनी सांगितलं, "हे म्हणणे खरे नाही की, आम्ही सदर वाट कधीही वापरलेली नाही." वकिलांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, पुढचं उत्तर आलं, मी टाइप करत गेले. साक्ष पाऊण तासात संपली. चार पानं झाली. आमचे बेंच क्लार्क, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो, त्यांनी ती बाईला वाचून दाखवली. बोर्डावर अजून अकरा कामं होती, त्यामुळे ते भरभर वाचत होते. बाई मान डोलवत होती. तिचे वकील दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला म्हणून तेवढ्यात बाहेर गेले होते. समोरच्या वकिलांनी मात्र पानं हातात घेऊन पाहिली. तिसऱ्या पानावर ते थोडे थांबले, मग परत दिली. त्यांना काही दिसलं होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही.

बाईने सही केली. अंगठा नाही; सही. एकेक अक्षर जोडत, श्वास रोखून. प्रत्येक पानावर मॅडमनी छोटी सही केली आणि बाई गेली.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी सकाळच्या फायली तपासते. गावाच्या नावात एक वेलांटी चुकल्यासारखी वाटली होती, म्हणून शोधत शोधत तिसऱ्या पानावर आले आणि थांबले.

'हे म्हणणे खरे आहे की, आम्ही सदर वाट कधीही वापरलेली नाही.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग डोळे मिटून ऐकलं. खोटं हाय त्ये, सपशेल खोटं. मॅडमचा आवाज: खरे नाही की. ओळीने चार वेळा 'खआ' दाबलेली माझी बोटं पाचव्या वेळीही त्याच अक्षरांवर गेली होती. वकिलांचा डाव बाईवर चालला नव्हता. माझ्यावर चालला होता.

बाईने स्वतःच्या सहीने कबूल केलं होतं की ती वाट आम्ही कधीच वापरली नाही. तिच्या मुलाचा दावा त्या एका ओळीवर पडला असता. आणि खोलीतल्या कुणालाच ते कळलेलं नव्हतं.

भाऊसाहेब शेजारी जेवत होते. मी पडद्याकडे बोट केलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घास तसाच हातात.

"असं बोलली नव्हती ती," ते म्हणाले.

"नाही ना?"

"नाय. मी होतो ना तिथं." मग त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "हे बघ, एक पान हाय. बाईची सही चौथ्या पानावर हाय, ह्याच्यावर नाय. दुरुस्त कर, परत काढ. मॅडमची छोटी सही मी घेतो, जेवण झाल्यावर ढीगभर कागद जायचेत सहीला. कुणाला कळायचं नाय."

"भाऊसाहेब, हे..."

"अगं, खोटं कुठं करतेयस? खरं तेच लिव्हायचंय. चुकलंय ते सरळ करायचं."

हेच तर अवघड होतं. ते म्हणत होते ते वाईट मनाने नव्हे. मी बोटं कळांवर ठेवली. कंट्रोल आणि बाण, शब्दापर्यंत. कंट्रोल बॅकस्पेस. दोन अक्षरं. कंट्रोल पी. सगळं मिळून पाच सेकंद. इतक्या वेगाने ते करता येतं, याचीच मला भीती वाटली. ज्या हातांनी न कळत बाईचं म्हणणं फिरवलं, तेच हात आता कळून सवरून कोर्टाचा सही झालेला कागद फिरवणार. आणि समोरच्या वकिलांनी ते पान पाहिलं होतं. उद्या ते म्हणाले की हे पान ते नव्हेच, तर खोटी बाईच पडली असती.

मी हात मांडीवर घेतले. "मी मॅडमना सांगते."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे," असं म्हणाले, पण आवाज माझा वाटला नाही. घराचे हप्ते, मुलीचं कॉलेज, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. भाऊसाहेबांनी डबा बंद केला आणि उठून गेले.

चेंबरमध्ये मॅडम जेवत होत्या. मी दारातच उभी राहिले.

"बसा ना."

"नको मॅडम. सकाळच्या वाटेच्या दाव्यात माझ्याकडून चूक झालीय. साक्ष उलटी लिहिली गेलीय."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मी पान पुढे केलं. त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा पांढरा पडल्यासारखा वाटला. त्याच पानावर त्यांचीही सही होती.

"तुमची खात्री आहे?"

"आहे."

"कशावरून?"

"ती 'सपशेल खोटं' म्हणाली. कठडा धरून म्हणाली. तुम्ही 'खरे नाही की' सांगितलंत. मी दोन अक्षरांची खूण टाइप करून वाक्य आणते, ती खूण चुकली."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "माझ्याही लक्षात तसंच आहे. पण तुमच्या-माझ्या लक्षात असणं म्हणजे पुरावा नाही. पानाला हात लावलात?"

"नाही."

"लावू नका. अजून कुणाला माहीत आहे?"

मी नाही म्हणाले. त्या दिवशी मी बोललेलं हे एकच खोटं.

अडीच वाजता दोन्ही वकिलांना बोलावलं. बाईचे वकील वाक्य वाचून लालबुंद झाले. समोरचे वकील शांतपणे उठले. "साक्षीदाराला वाचून दाखवलं, तिने कबूल केलं, सही केली. आता टायपिस्टच्या आठवणीवरून पुरावा बदलायचा का?"

"बदलायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदाराला परत बोलावून विचारायचा."

"मधल्या वेळात साक्षीदाराला पढवलं जाऊ शकतं. माझी हरकत नोंदवावी."

"नोंदवा," मॅडम मला म्हणाल्या.

ती हरकत मीच टाइप केली. 'टायपिस्टच्या कथित चुकीच्या सबबीखाली.' 'कथित' हा शब्द टाइप करताना मधली वेलांटी दोनदा चुकली. मी कुठलीही खूण वापरली नाही. एकेक अक्षर शोधत, टायपिंगच्या क्लासला पहिल्या दिवशी आलेल्या मुलीसारखी.

बाई आणि तिचा मुलगा सहा सीटरने कडावपर्यंत पोचले होते. फोन गेल्यावर परत निघाले. समोरच्या वकिलांच्या मागणीवरून ठरलं की ती आल्यावर तिच्याशी कुणी एक शब्द बोलायचा नाही, थेट पिंजऱ्यात यायचं. तोपर्यंत दुसरी कामं चालली. घड्याळ माझ्या बरोबर समोर आहे. सव्वातीन. साडेतीन. पावणेचारला व्हरांड्यात चपलांचा आवाज आला.

पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा सकाळची बाई नव्हती ती. परत का बोलावलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ओठ सुकलेले. "मॅडम, माजं काय चुकलं का?"

"तुम्हाला एक प्रश्न परत विचारायचाय, आजी. नीट ऐका आणि उत्तर द्या."

वकिलांनी तोच प्रश्न विचारला. तोच मऊ आवाज. "फाटक आहे तिथली वाट तुमच्या घरातल्या कुणी कधी वापरली नाही. बरोबर?"

तिने पदर सारखा केला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, इतक्या लांबून बोलावून विचारला, म्हणजे सकाळचं उत्तर चुकीचं होतं असंच कुणालाही वाटणार. शाळेत मास्तर तेच पुन्हा विचारतात तेव्हा पोरं उत्तर बदलतात. तिने मॅडमकडे बघितलं. मग वकिलांकडे. मग मागे, मुलाकडे मान वळवली.

"तिकडे नका बघू, आजी," मॅडम म्हणाल्या.

मी कळांवर बोटं ठेवून बसले होते. माझ्या हातून चूक झाली ती झालीच, पण आता ही भिऊन हो म्हणाली, तर ती चूक कायमची खरी होणार होती, आणि तीही तिच्याच तोंडाने.

"उत्तर द्या," वकील म्हणाले.

तिने चिंधी बांधलेलं बोट कठड्यावर दाबलं. "सकाळी बी तुमी ह्येच इचारलंत," ती हळू म्हणाली. "सकाळी मी खोटं हाय म्हनले. तुमी शंबर वेळा इचारा, मी काय दुसरं सांगू? लगीन करून आले तवापासून त्याच वाटंनं भारे आनले. औंदा नाय आनले. औंदा तिथं कुलूप हाय."

वकिलांनी थोडं वाकून, "आणखी प्रश्न नाहीत," म्हटलं आणि खाली बसले.

मॅडमनी वाक्यं सांगितली. सकाळचा प्रश्न, सकाळचं उत्तर, आताचं उत्तर. त्या तुकड्या-तुकड्याने सांगत होत्या आणि माझी बोटं थांबेपर्यंत थांबत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्हीच वाचून दाखवा. सावकाश." मी उभी राहून वाचलं. 'हे म्हणणे खरे नाही की' तिथे बाईने हात वर केला. "म्हंजी खोटं हाय असंच ना?"

"हो आजी," मी म्हणाले. "खोटं आहे असंच."

मग तिने सही केली.

मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो मी हाताने लिहिला. ताकीद मिळाली, तिची नोंद झाली, आणि महिनाभर मला नकलांच्या विभागात बसवलं. तिथे दिवसभर जुने कागद छापायचे आणि शिक्के मारायचे. भाऊसाहेब जवळजवळ तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांचं ऐकलं नाही म्हणून. एका दुपारी ते नकलांच्या खिडकीशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "खुलाशात माझं नाव का नाय लिव्हलंस?" मी म्हणाले, "तुमचा त्यात काही संबंध नव्हता." ते चहा सांगायला गेले.

परत कोर्टात बसले त्या दिवशी मॅडमनी नवीन पद्धत घातली: उलटतपासणीतलं प्रत्येक उत्तर टाइप झालं की मी मोठ्याने वाचायचं, मगच पुढचा प्रश्न. वकील कुरकुरले, वेळ जातो म्हणून. मी 'खआ' आणि 'खन' दोन्ही काढून टाकली. बाकीच्या खुणा, पन्नासेक असतील, अजून आहेत. गावांची नावं, पत्त्यांचे नमुने, 'प्रतिज्ञेवर कथन करतो की'. त्या एकमेकींच्या उलट नाहीत. माउस पडद्यामागेच आहे. वेग काही मी सोडलेला नाही. कामाचे ढीग बघता सोडताही येत नाही. पण 'खरे' हा शब्द आला की पुढचा शब्द मी अजून अक्षर अक्षर टाइप करते, आणि त्या क्षणी माझी पाठ आपोआप ताठ होते.

पुढच्या वर्षी मॅडमची बदली झाली. दाव्याचा निकाल नव्या साहेबांनी दिला. बारा पानी निकालात म्हातारीच्या साक्षीला दोन ओळी होत्या. बाकी नकाशे आणि मोजणीचे कागद. वाट खुली करण्याचा हुकूम झाला. निकाल वाचला तेव्हा कोर्टात मुलगा एकटाच उभा होता. तिची चौकशी मी करणं बरं दिसलं नसतं. भाऊसाहेबांनी केली.

"शेतावर हाय," तो म्हणाला. "लावणी चाललीय."